वाचकांचे प्रश्न : इंजिनाच्या तळाशी सापडलेला चुरा

प्रश्न : माझ्या वडिलांची १९७१ सालची बुलेट ३५० आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये २००४ पासून उभी होती. गेल्या दिवाळीत मी तिचे ऑइल बदलून २०डब्ल्यू-५० घातले, कार्ब्युरेटर साफ केला आणि बऱ्याच खटपटीनंतर गाडी चालू झाली. दोन रविवार गल्लीतच फिरवली आणि तिसऱ्या रविवारी खडकवासल्याला गेलो. परतताना धायरी फाट्याजवळ इंजिनाच्या खालच्या अंगातून जड, हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येऊ लागला, तेव्हा गाडी टेम्पोत घालून घरी आणली. इंजिन मी स्वतःच उघडले. फ्लायव्हीलखालच्या खळग्यात माशाच्या खवल्यांसारखे चंदेरी पापुद्रे होते. तिथेच डांबरासारख्या घट्ट थरात रुतलेला, बोटाच्या पेराच्या निम्म्या लांबीचा एक वाकडा लोखंडी तुकडा निघाला. ऑइलच्या कप्प्यात आणि फेल्ट फिल्टरवर निळसर, रबरासारखे लवचीक धागे अडकले होते. एका मेकॅनिकने ‘पिस्टन खाल्ला’ असे सांगितले, तर दुसऱ्याने हा गिअरबॉक्सचा चुरा ठरवला; परंतु पिस्टन दिसायला ठीक आहे आणि त्याच्या सर्व रिंगा शाबूत आहेत. तिन्ही प्रकारचे नमुने होमिओपॅथीच्या रिकाम्या कुप्यांत घालून सोबत पाठवत आहे. हे नेमके काय आहे, आणि सर्व धुऊन इंजिन पुन्हा बंद केले तर चालेल काय?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : आपण हा सगळा ऐवज रॉकेलच्या परातीत एकत्र न धुता जागेनुसार वेगळा ठेवलात आणि कुप्यांवर ‘फ्लायव्हीलखाली’, ‘ऑइलचा कप्पा’ अशा चिठ्ठ्या डकवल्यात, त्यामुळेच या प्रश्नाचे उत्तर देणे शक्य झाले. आपल्याच शहरातील डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी इनामगावला उत्खनन केले तेव्हा खापराच्या तुकड्याइतकेच महत्त्व तो कोणत्या थरात मिळाला याला दिले होते. इंजिनाच्या बाबतीत हीच शिस्त पाळली, तर निम्मे निदान पाना हातात घेण्याआधी होते. आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य चंदेरी पापुद्र्यांचे वर्णन करणारे नाही. कोणती वस्तू कुठे पडली होती हे सांगणारे ते वाक्य आहे.

आधी गिअरबॉक्सचा संशय निकाली काढू. आपल्या गाडीचा गिअरबॉक्स हा इंजिनापासून वेगळा, स्वतःच्या पेटीत बसवलेला आणि स्वतःचे ऑइल बाळगणारा भाग आहे. त्यातला एखादा दात तुटला, तरी तो तुकडा फ्लायव्हीलखाली येण्याची वाटच नाही. आजकालच्या बहुतेक गाड्यांमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत, एकाच ऑइलवर चालतात. त्या गाड्यांवर हात बसलेल्या मेकॅनिकच्या तोंडून हे निदान सहज निघते, त्याबद्दल त्यांना फार दोष देता येणार नाही.

आता पहिली कुपी. पापुद्र्यांवरून लोहचुंबक फिरवला, एकही हलला नाही. म्हणजे पोलाद आणि बीड दोन्ही बाद झाले आणि ॲल्युमिनियम, पितळ-ब्राँझ व व्हाइट मेटल (बेअरिंगवर लेप म्हणून चढवतात तो मऊ धातू) एवढेच उमेदवार उरले. रंगावरून ब्राँझही बाद झाले. पिस्टनचा ॲल्युमिनियम आणि बेअरिंगचे व्हाइट मेटल डोळ्यांना सारखेच चंदेरी दिसतात, आणि ‘पिस्टन खाल्ला’ हा निष्कर्ष बहुधा तेवढ्यावरच काढला गेला असावा. दोघांतला फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पत्र्याच्या झाकणावर एका बाजूला आपला एक पापुद्रा आणि दुसऱ्या बाजूला माझ्याकडच्या जुन्या पिस्टनचा कानशीने काढलेला कीस ठेवून दोघांनाही तापलेले सोल्डरिंग आयर्न टेकवले. आपला पापुद्रा दोन-तीन सेकंदांत आकसला, त्याचा टाचणीच्या डोक्याएवढा लखलखीत मणी झाला आणि तो झाकणावरून घरंगळला. पिस्टनचा कीस मात्र होता तसाच पडून राहिला. व्हाइट मेटल साधारण २४० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होऊन वितळू लागते. पिस्टनच्या मिश्रधातूला त्यासाठी ५०० अंशांहून कितीतरी अधिक तापमान लागते आणि घरातले सोल्डरिंग आयर्न तिथवर पोहोचतच नाही. खात्री म्हणून दुसरा पापुद्रा कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात टाकून पाहिला. ॲल्युमिनियम असता तर हायड्रोजनचे बुडबुडे फसफसून वर आले असते, पण आपला नमुना शांत बसून राहिला. ही चाचणी आपणही करू शकता, मात्र ती उघड्या गच्चीवर, चष्मा आणि हातमोजे घालून, चमचाभर द्रावणातच करावी. कॉस्टिकचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

हे व्हाइट मेटल आले कुठून? १९५५ साली मद्रासेत जुळणी सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या ७० × ९० मि.मी.च्या, ३४६ सीसीच्या जुन्या बुलेटमध्ये कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला, म्हणजे बिग एंडला, रोलर बेअरिंगऐवजी एक तरंगता बुश, म्हणजे धातूचे कडे, असे. हा बुश दोन फ्लायव्हीलना जोडणाऱ्या क्रँकपिनलाही घट्ट नसतो आणि रॉडलाही नाही, तो दोघांच्या मधे ऑइलच्या पापुद्र्यावर फिरत राहतो. त्याचा गाभा पोलादी असतो आणि आतून-बाहेरून त्यावर व्हाइट मेटलचा लेप असतो. कथील किंवा शिसे यांवर आधारलेल्या या धातूचे पेटंट आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने १८३९ साली घेतले होते, म्हणून त्याला बॅबिट असेही म्हणतात. तो मुद्दामच मऊ ठेवलेला असतो, कारण ऑइलमधून आलेला कचऱ्याचा बारीक कण तो आपल्या अंगात रुतवून घेतो आणि कठीण पिनवर ओरखडा पडू देत नाही. त्याची दुसरी बाजू अशी की ऑइल काही मिनिटे जरी कमी पडले तरी पिन वाचते आणि हा लेप जातो.

भिंगाखाली आपल्या पापुद्र्यांच्या दोन्ही बाजू वेगळ्या दिसतात. एक बाजू गुळगुळीत असून तिच्यावर केसाएवढ्या बारीक समांतर रेघा आहेत. ही चालती बाजू. दुसरी बाजू खरबरीत, साखरेच्या दाण्यांसारखी मोडलेली आहे. इथून लेप पोलादापासून सुटला. पाच-सहा पापुद्र्यांच्या कडा गोल होऊन पसरल्या आहेत. म्हणजे सुटण्यापूर्वी बुश तापला होता. धायरी फाट्यापाशी आलेला जड ठोका हा झिजून सैल झालेल्या बिग एंडचा होता, याबद्दल मला शंका वाटत नाही.

मग ऑइल कशामुळे कमी पडले, याचे उत्तर निळ्या धाग्यांच्या कुपीत आहे. एक धागा चिमट्यात धरून काडीने पेटवला. रबर काळा धूर सोडत वितळते, नमद्याचा किंवा लोकरीचा धागा जळक्या केसांसारखा वास देतो. आपला धागा वितळला नाही. पांढुरका धूर सोडत जळला आणि मागे पांढरी, पिठासारखी राख राहिली. ही सिलिकॉन सीलंटची ओळख आहे. कोणीतरी केव्हातरी टायमिंग कव्हर, म्हणजे इंजिनाच्या बाजूचे टायमिंग गिअरांवरचे झाकण, बसवताना कागदी गॅस्केटऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, ट्यूबमधले सीलंट सढळ हाताने लावले. कव्हर आवळल्यावर बाहेर आलेली वळी पुसली जाते, कारण ती दिसते. तेवढीच वळी आतल्या बाजूलाही आलेली असते आणि ती कोणालाच दिसत नाही. या गाडीत ऑइलच्या वाटा टायमिंग कव्हरच्या सांध्यातूनच इकडून तिकडे जातात, आणि तिथे सुटलेल्या धाग्याला पंपापर्यंत किंवा पुढच्या बारीक भोकापर्यंत जाण्यासाठी फारसे कष्ट पडत नाहीत.

गाडी वीस वर्षे उभी असताना हे धागे ज्या जागी चिकटले होते तिथेच बसून होते. आपण नवे ऑइल घातले, आणि आजच्या ऑइलमध्ये साफ करणारी द्रव्ये असल्यामुळे त्याने जुना गाळ ढिला केला. त्यासोबत धागेही सुटले असावेत, असा माझा तर्क आहे. त्यात पहिल्या किकला बिग एंडमध्ये ऑइलचा टिपूसही नसणार, कारण इतक्या वर्षांत ते सगळे खाली उतरून गेलेले असते. या दोन कारणांचे वाटे नेमके किती, हे पत्रावरून ठरवता येत नाही. पण फेल्टवर अडकलेला धागा आपण डोळ्यांनी पाहिला आहे, तेव्हा फेल्टच्या पुढच्या वाटेत एखादा अडकलेला नसेल असे गृहीत धरू नये.

आता तो लोखंडी तुकडा. खरे सांगायचे तर तिन्ही कुप्यांत मला सर्वांत रंजक वाटला तो हाच. चुंबकाला तो लगेच चिकटला. कडेवर कानस फिरवली तेव्हा पोलादाचा चकचकीत कीस निघण्याऐवजी काळी, बोटांना शिशाच्या पेन्सिलीसारखी माखणारी पूड पडली. हे बिडातले ग्रॅफाइट आहे. व्हर्नियरने मोजल्यावर उंची १.६ मि.मी.च्या जवळ भरली, बाहेरची वक्र बाजू घासून आरशासारखी झालेली आणि आतली बाजू काळवंडलेली दिसली. हा पिस्टन रिंगेचाच तुकडा आहे. आपल्या रिंगा शाबूत असताना रिंगेचा तुकडा आला कसा, या कोड्याचे उत्तर त्याच्या दोन्ही मोडलेल्या टोकांवर लिहिलेले आहे. ताजे मोडलेले बीड करडे आणि दाणेदार दिसते. या तुकड्याची टोके काळी पडून बोथट झाली आहेत. म्हणजे तो हल्ली मोडलेला नाही, आणि तो आपल्या आजच्या रिंगेचा नाही.

कधीतरी, बहुधा मागच्या बोअरिंगच्या (झिजलेला सिलिंडर आतून कातून मोठा करण्याच्या) वेळी, जुनी मोडकी रिंग असलेला पिस्टन काढण्यासाठी सिलिंडर वर उचलला गेला आणि खाली क्रँककेसच्या तोंडाशी फडके कोंबायचे राहून गेले. खाचेत अडकून बसलेला तुकडा त्या क्षणी मोकळा होऊन खाली पडला. ऑइलच्या पंपाला एवढा मोठा तुकडा उचलणे शक्य नसल्यामुळे तो फ्लायव्हीलखाली राहिला, गाळात रुतला आणि इतकी वर्षे निरुपद्रवी पडून राहिला. याचा पडताळा आपल्याला घरीच घेता येईल. पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन मऊ लाकडाच्या फळीने खरवडून पाहावा, तिथे ०.५० किंवा तत्सम वाढीव मापाचा आकडा ठोकलेला आढळला, तर इंजिन किमान एकदा बोअर झालेले आहे.

ज्या डांबरासारख्या थरात तो रुतला होता, त्याबद्दल एक सावधगिरीची सूचना. आपल्याकडे २००० सालापर्यंत शिसेयुक्त पेट्रोल मिळत असे, आणि त्या काळातील इंजिनांच्या गाळात शिशाची संयुगे उतरलेली असतात. तो थर कोरडा असताना घासू नये किंवा तारेच्या ब्रशने उडवू नये. रॉकेलने ओला करून, हातमोजे घालून लाकडी पट्टीने काढावा आणि ते फडके घरातल्या कचऱ्यात टाकू नये.

आपल्या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. धुऊन इंजिन बंद करू नये. क्रँक बाहेर काढून दोन्ही फ्लायव्हील अलग करावी लागतील, बुश बदलावा लागेल आणि क्रँकपिन मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजून ती गोल राहिली आहे की लंबगोल झाली हे पाहावे लागेल. नाना पेठेत सुटे भाग मिळतील, परंतु फ्लायव्हील पुन्हा दाबून सरळ करण्याचे काम डायल गेज लावून दाखवणाऱ्या टर्नरकडेच द्यावे. ‘अंदाजाने बसवतो’ म्हणणाऱ्याचे हसून आभार मानावेत आणि निघावे. फ्लायव्हीलमधली ऑइलची वाट, टायमिंग कव्हरमधल्या सर्व वाटा आणि दोन्ही पंप यांतून आधी बारीक तार आणि मग उलट दिशेने हवेचा झोत घालावा. इथे पेट्रोलवर विसंबून चालणार नाही. पेट्रोलने सिलिकॉन विरघळत नाही, उलट फुगते, आणि पेट्रोलमध्ये बुडवून ठेवलेला पंप बाहेरून लखलखीत होऊन आतून अधिकच तुंबलेला असू शकतो. व्हाइट मेटलचे कण पंपाच्या दट्ट्यांतूनही फिरलेले असणार, म्हणून त्यांवर ओरखडे आहेत का, हे नखाने चाचपून पाहावे. फेल्ट नवा घालावा.

बुशच्या जागी रोलर बेअरिंगचा बिग एंड बसवावा का, असा सल्ला आपल्याला चार जण देतील. रोलरला ऑइलची कमतरता अधिक काळ सोसते, हे खरे आहे, आणि रोज ताम्हिणीच्या घाटात गाडी ताणणाऱ्याला मी तोच सुचवेन. पण आपली गाडी रविवारी सकाळी बाहेर पडणारी आहे, तिचा मूळ बुश इतकी वर्षे टिकला होता आणि गेला तो सीलंटमुळे. मी असतो तर बुशच ठेवला असता.

जुळणी करताना कागदी गॅस्केटला दोन्ही बाजूंनी ग्रीसचा हात लावला की पुरते. चालू करण्यापूर्वी फिल्टरच्या कप्प्यात ऑइल भरावे, स्पार्क प्लग काढून पाच-पन्नास किका माराव्यात आणि मगच प्लग लावावा. इंजिन चालू झाल्यावर माथ्यावरच्या रॉकरला (झडपा उघडणाऱ्या दांड्यांना) जाणाऱ्या नळीचा बोल्ट किंचित ढिला करून तिथे ऑइल झिरपते का, हे पाहण्याची पद्धत आहे, ती जरूर पाळावी. मात्र त्यातून परतीचा पंप चालतो एवढेच कळते. बिग एंडकडे जाणारी वाट मोकळी आहे की नाही, याची खात्री कव्हर लावण्यापूर्वीच करून घ्यावी लागते.

प्रश्न : माझ्या येझदीच्या गिअर ऑइलमध्ये तपकिरी रंगाचा, हलका, चुरगळणारा भुसा मोठ्या प्रमाणात निघाला. इंजिनातले एखादे बेअरिंग फुटले असेल काय?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : बेअरिंग फुटल्यावर भुसा निघत नाही. तो भुसा थोड्या पेट्रोलमध्ये टाकून पाहावा. तरंगला तर तो बूच आहे. या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या क्लचप्लेटवर बुचाचे अस्तर असते, आणि क्लच व गिअरबॉक्स एकाच ऑइलमध्ये चालतात, म्हणून क्लचचा चुरा गिअर ऑइलमध्ये उतरतो. टू-स्ट्रोक इंजिनाचा क्रँक वेगळ्या कप्प्यात असतो आणि त्याला पेट्रोलमधूनच ऑइल मिळते, त्यामुळे त्याच्या प्रकृतीचा या भुश्याशी संबंध नाही. थोडा भुसा वयोमानाप्रमाणे येतोच. आपण लिहिता तेवढा येत असेल, तर क्लच अर्धवट सुटत असणार. केबलला मोकळीक आहे का, हे आधी पाहावे आणि मगच प्लेटा बदलाव्यात. प्लेटा नव्या घेतल्या तर बसवण्यापूर्वी रात्रभर ऑइलमध्ये भिजत ठेवाव्यात, कोरडे बूच पहिल्याच आठवड्यात जळते.

प्रश्न : बुलेटचे बोअरिंग करून चुंबक असलेला ड्रेन प्लग बसवला. ५०० किलोमीटरनंतर त्यावर करड्या रंगाचे, मलमासारखे साचलेले आढळले. काळजी करावी का?
— एक वाचक, वानवडी

उत्तर : नव्या रिंगा आणि नवे बोअर एकमेकांशी जुळताना एवढे लोखंड झिजतेच. तो मलम अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळून पाहावा. शाईसारखा पसरला आणि काहीच टोचले नाही, तर प्लग पुसून ऑइल बदलावे आणि गाडी चालवत राहावी. कचकच लागली किंवा टोचणारी कड हाताला आली, तर तो कण पांढऱ्या बशीत काढून भिंगाखाली पाहावा. चकचकीत, चपटा, खवल्यासारखा पोलादी कण बेअरिंगचा असतो. वळलेल्या किसासारखा कण हा बहुधा बोअरिंगनंतर नीट न धुतल्यामुळे राहिलेला असतो. पुढच्या ५०० किलोमीटरनंतर प्लग पुन्हा काढावा, आणि तेव्हा साठलेला थर पहिल्यापेक्षा स्पष्टपणे कमी भरला पाहिजे. तितकाच किंवा जास्त भरला, तर सिलिंडर उचलण्यापूर्वी क्रँककेसच्या तोंडाशी फडके कोंबायला विसरू नये.